दोन लांब, एक आखूड

सावरखेडीच्या कौसल्या मुनेश्वरची सायकल लोक आवाजावरून ओळखत. दोन लांब, एक आखूड. पहाटे पाचच्या सुमाराला, झाडांना अजून रंगही आलेला नसतो तेव्हा, तिच्या हँडलवरची पितळी घंटी आधी सावरखेडीत वाजायची, मग उमरडोहच्या तांड्यावर, मग टेकडीआडच्या कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर. घंटीमागोमाग बाया लोटे-कळशा घेऊन दारात यायच्या. कौसल्या माप घालायची, दूध कॅनमध्ये ओतायची आणि पुढे निघायची. बोलत बसायला वेळ कुठला? साडेआठला वणीच्या केंद्रावर दूध टेकलं पाहिजे. सहा वर्षांत साडेआठचे पावणेनऊ झाले नव्हते. नाल्याला पूर आला त्या दिवशीसुद्धा तिनं कॅन डोक्यावर घेऊन दोन फेऱ्यांत नाला ओलांडला आणि मग सायकल खांद्यावर घेतली.

तिचं माहेर आर्णीकडचं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे बाकीच्या पोरी लंगडी खेळायच्या त्या वयात ही दांडीखालून पाय घालून कैची मारत गावभर फिरायची. लग्नात वडिलांनी भांड्यांच्या जोडीनं दुकानातली एक पितळी घंटीही दिली. सासरचे लोक हसले. सायकल नाही अन् घंटी कायले? कौसल्यानं ती कपड्यात गुंडाळून ठेवली, आणि पुढे तेरा वर्षांनी ती कामाला आली.

ती वर्षं कापसाची होती, म्हणजे कापूस हातातून निसटण्याची. नवरा धर्मपाल ज्या जिनिंगमध्ये कामाला होता त्या जिनिंगच्या फाटकाला कुलूप लागलं. पानं लाल पडत होती, बोंडं भरत नव्हती, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात येई ते एकाच कारणानं. गाड्या थांबायच्या, लोक उतरायचे, कॅमेरा लावायचे आणि पडक्या आवाजात विचारायचे, "तुमच्या घरात कोणी...?" तांड्यावरच्या मैनाबाईनं एकदा अशांना सरळ सांगितलं, "आमच्या घरी समदे जिते हायेत. चहा पिऊन जा." त्याच सुमाराला सरकारी मदतीत गायी आल्या. ज्यांनी कधी शेळीच्या पलीकडे जनावर पाहिलं नव्हतं त्यांच्या दारात उंच उंच जर्शी गायी उभ्या राहिल्या. काही मेल्या, काही विकल्या गेल्या, ज्या राहिल्या त्यांनी दूध दिलं. पण दूध वणीला नेणार कोण? कौसल्यानं घंटी कपड्यातून काढली, पुसली, जुन्या बावीस इंची सायकलला बसवली आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन लटकवून निघाली. धर्मपाल वणीच्या रेल्वेच्या कोळसा सायडिंगवर रात्रपाळीचा चौकीदार झाला. तो घरी येई तेव्हा ती निघालेली असे. बायको रोज कुठून कुठे जाते, हे त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

धर्मपालची धाकटी बहीण दीपा वणीत राहून आश्रमशाळेत पोरांना खेळ शिकवायची. सत्तावीस वर्षांची झाली होती आणि लग्नाचा विषय निघाला की सायकल काढायची. वणीतल्या सायकलवाल्या मंडळींनी २०१३ च्या फेब्रुवारीत तीन दिवसांची जंगलातली शर्यत ठरवली. पहिल्या दिवशी वणी ते झरी, आडवाटेनं बासष्ट किलोमीटर. शर्यत जोडीची होती. दीपा वर्षभर तिच्या शाळेतल्या साधनासोबत तयारी करत होती. डिसेंबरात साधनाला दिवस गेले. दीपानं पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि तडक सावरखेडीला आली.

"वैनी, तू चाल."

"कुठी?"

"शर्यतीत."

कौसल्या कॅन घासत होती. "बाई, थंडीत ऊन लागलं काय तुमाले?"

"हसू नको. रोजची पन्नास किलोमीटर चालवून राह्यली तू, पाठीमांगं चाळीस लिटर घेऊन. वणीतले पोट्टे दहा किलोमीटर जातात अन् दहा फोटो काढतात."

नणंद वयानं लहान असली तरी मानानं मोठी, म्हणून कौसल्या तिला बाई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. दीपा मात्र वहिनीला अगं-तुगं करायची. दोघींचं टोमण्यांवाचून एक दिवस जात नसे, आणि एकमेकींवाचूनही.

दीपानं नियम सांगितले. जोडीनं सोबत राहायचं. वाटेतल्या चौकीवर दोघींत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर जोडीला दहा मिनिटं जागेवर उभं करतात. आणि दुपारी एकच्या आत झरी गाठली नाही, तर छातीवरचा नंबर काढून घेतात. दुसऱ्या दिवशी घरी.

"अन् घरी गेलं तं काय होते?" कौसल्यानं विचारलं.

"हेडमास्तरांनं सुट्टी देली ना, तं समद्या स्टाफसमोर म्हणाले, रविवारची शर्यत हाये, सोमवारी हजेरीले या मॅडम, एका दिवसात परत पाठवतीन तुमाले. मले सोमवारी शाळेत नाई जायचं, वैनी. मले सोमवारी शर्यतीत असायचं."

कौसल्यानं कॅन उपडा ठेवला. "मंग नाई जायचं," ती म्हणाली. तेवढंच.

शर्यत भरवणाऱ्या क्लबानं तिला गियरची सायकल दिली. पहिल्याच दिवशी ती उतारावर तोंडावर पडली. दुसऱ्या दिवशीही. सायकल इतकी हलकी की मागचं चाक उड्या मारायचं. सहा वर्षं तिच्या मागं चाळीस लिटर दूध बसलेलं, त्याच्याशिवाय तिला तोलच सापडेना. दीपा डोक्याला हात लावून बसली. तिसऱ्या दिवशी कौसल्यानं आपणच उपाय काढला. उतार आला की मागं कॅन आहेत असं मनात धरायचं, बूड मागं सारायचं, ब्रेक बोटभर दाबायचा, दूध हिंदकळू द्यायचं नाही. ती तशी सुळ्ळकन उतरली. दीपा तोंड उघडं ठेवून पाहत राहिली. पुण्याच्या कोचनं तिला हेच शिकवायला तीन महिने घेतले होते.

राहिला प्रश्न दुधाचा. तीन दिवस दूध कोण नेणार? धर्मपाल म्हणाला, "मी नेतो. रजा टाकतो. त्यात काय हाये?"

"तुमाले रस्ता ठाऊक हाये?"

"तोंड हाये ना मले. इचारीन."

शनिवारी कौसल्या दूध घेऊन वणीला आली ती दीपाकडेच राहिली. जुनी सायकल धर्मपाल गावी घेऊन जाणार होता. त्याच्या हाती देण्याआधी तिनं घंटीचा स्क्रू ढिला केला आणि घंटी गियरच्या सायकलला बसवली. बापाची घंटी, शुभाला सोबत असावी. शिवाय त्या घंटीशिवाय तिचा उजवा अंगठा रिकामा रिकामा वाटत होता. धर्मपालनं जुन्या हँडलची मोकळी जागा पाहिली. "घंटी नाई तं नाई," तो म्हणाला, "तोंड हाये ना मले." हे तो दुसऱ्यांदा म्हणत होता. कौसल्याला तेव्हा काही खटकलं नाही.

रविवार उजाडला. रथसप्तमी होती. दोघींनी अंघोळी करून मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि रात्रीची भाकर दह्यासोबत खाल्ली. बाहेर गल्लीत शेजारणी अंगणात गोवऱ्या पेटवून सूर्याला दूध उतू घालत होत्या. मातीच्या बोळक्यातून दूध फसफसून विस्तवावर सांडलं आणि कौसल्याचा जीव कळवळला. देवाचं काम, काय बोलणार? तिनं हात जोडले आणि दुसरीकडे पाहिलं.

अंगात सलवार, वर नंबर लावलेला पिवळा बनियनसारखा सदरा, डोक्यावर हेल्मेट. बिचारीचा हात दर दोन मिनिटांनी पदर सारखा करायला डोक्याकडे जाई आणि हेल्मेटवर टकटक वाजे.

"वैनी, सलाम कोणाले करून राह्यली?" दीपा म्हणाली.

"तुमच्या हेडमास्तरांले."

सात वाजता शिट्टी झाली. अठ्ठेचाळीस जोड्या निघाल्या, त्यांत बायकांच्या पाच. नागपूरची, हैदराबादची, पुण्याची बहुतेक पोरं पहिल्या पाच मिनिटांतच धुळीत दिसेनाशी झाली. कौसल्या घाबरली नाही. तिला पहिल्या फाट्यापासूनचा एकेक दगड ठाऊक होता. तुरीच्या काढलेल्या शेतांतून, दुसऱ्या बहरासाठी राखलेल्या कापसाच्या वाळक्या पराट्यांमधून, पळसाच्या नुकत्याच लाल होऊ लागलेल्या झाडांखालून ती रोजच्या लयीत पायडल मारत राहिली. दीपाला ती लय सोसेना. ती पुढे जायची, थांबायची, मागे पाहून हाक मारायची.

"वैनी, दूध न्यायचं नाई, शर्यत हाये!"

"तुमी जा हो पुढे. मी हायेच."

सावरखेडी मागे पडली. गावच्या पारावर माणसं उभी होती, कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नुसतं पाहिलं. धर्मपाल दिसला नाही. म्हणजे तो वेळेत पुढे गेला असणार, दूध घेऊन आता वणीच्या वाटेला लागला असणार, असं कौसल्यानं धरलं. पण मग तो वाटेत भेटायला हवा होता. दुसऱ्या रस्त्यानं गेला असेल. तिनं विचार बाजूला सारला.

उमरडोहच्या तांड्याआधी एक वळण आहे. बाभळी संपतात आणि पहिलं घर दिसतं. सहा वर्षं त्या वळणावर तिचा अंगठा जे करत आला होता तेच त्यानं केलं. पावणेनऊचा सुमार होता. दोन लांब, एक आखूड.

तांड्यातली सगळी दारं एकदम उघडली.

कळशा, लोटे, अल्युमिनियमची पातेली, एक प्लॅस्टिकची बादली. पंधरा-वीस बाया रस्त्यावर आल्या आणि दोन्ही बाजूंनी तिला घेरून उभ्या राहिल्या. मागून येणारी नागपूरची एक जोडी ब्रेक मारून थांबली आणि ओरडायला लागली. पुढे गेलेली दीपा वळणाआड दिसेनाशी झाली होती.

"आली वो, आली! किती उशीर केला आज?" मैनाबाई कळशी पुढे करत म्हणाली. मग तिनं कौसल्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हे काय घातलं वो? अन् कॅन कुठी हायेत?"

"माय, दूध गेलं नाई?" कौसल्या सायकलवरून उतरली.

"कोण नेईन? तूच तं आता आली."

"ते आले नाई? सायकलवर? कॅन घेऊन?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग मैनाबाईनं चिंचेकडे बोट केलं.

चिंचेखाली धर्मपाल बसला होता. बाजूला जुनी सायकल, दोन कॅन, आणि त्यातल्या एकात सावरखेडीचं अर्धा कॅन दूध. तोंड पाडून बसला होता, आणि कौसल्याला पाहून जास्तच पडलं.

"हे का बसले असे?"

"मले काय ठाऊक?" मैनाबाई म्हणाली. "पहाटीपासून तांड्यात फिरून राह्यला, दूध, दूध करत. आमाले वाटलं इकाले आला. आमच्या घरी दूध, आमी काय त्याचं घेतो? कोणी म्हणे फारेस्टचा मानूस हाये. मंग त कोणीच दार उघडलं नाई."

"अन् पोडावर गेले नाई?" कौसल्यानं नवऱ्याला विचारलं.

"गेलतो," धर्मपाल उठत म्हणाला. "तिथंबी तसंच. कुत्रं मांगं लागलं. फोनले टावर नाई. काय करू?" मग हळूच म्हणाला, "तोंड होतं मले. उपयोग झाला नाई."

दोन-तीन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कौसल्याला हसू आलं नाही. आपल्या जागी नवरा येईल हे तांड्यावर सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. तिनं तिथल्या तिथे हिशेब मांडला. पहाटे काढलेलं दूध, आता पावणेनऊ, फेब्रुवारीची थंडी आहे म्हणून टिकलं. दहा-साडेदहापर्यंत वणी गाठलं तर चालेल. पण टेकडीआडच्या पोडावर याला पुन्हा कोणी दार उघडणार नाही. आणि उद्या? परवा? ती झरीत असणार, डोंगरात असणार, आणि हा इथे चिंचेखाली.

असणार तरच. एकच्या आत पोचली तरच.

"माय, विळा हाये का?"

मैनाबाईनं कमरेचा विळा काढून दिला. कौसल्यानं विळ्याचं टोक घंटीच्या स्क्रूत घातलं. स्क्रू तिनंच आदल्या दिवशी घट्ट आवळला होता, पहिल्यांदा हलेना. मागचे नागपूरवाले वाट काढून निघून गेले. आणखी एक जोडी गेली. स्क्रू फिरला. घंटी हातात आली, अंगठ्याच्या जागी सहा वर्षं घासून पिवळीजर्द झालेली.

"हे घ्या. लावा सायकलले. दोन लांब, एक आखूड. वाजवून दाखवा."

धर्मपालनं वाजवली. तीनही लांब झाल्या.

"तिसरी आखूड! अंगठा उचलायचा लगेच!"

त्यानं पुन्हा वाजवली. मैनाबाईनं मान हलवली, म्हणजे चालेल.

"बायांनो, आज यायच्या कॅनमधी दूध ओता. कळशा ओल्या फडक्यात ठेवल्या का? बरं." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमी इथून पोडावर जा, दोनदा वाजवा, दारात उभे राहू नका, आंब्याखाली उभे राहा. मंग सरळ वणी. उतारावर पाय नाई मारायचे."

"उद्या तू येशीन का हा?" मैनाबाईनं विचारलं.

कौसल्या सायकलवर बसली होती. "उद्या हेच येतीन," ती म्हणाली, आणि निघाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण शब्द दिला आहे.

दोन किलोमीटरवर चौकी होती. मंडप, पाण्याचे ड्रम, घड्याळ घेऊन बसलेला अमर नावाचा वणीचाच एक तरुण. दीपा मंडपाबाहेर सायकल धरून उभी होती, चेहरा लाल.

"कुठी गेलती? पडली? लागलं?"

"घंटी द्यायले थांबली."

"घंटी?" दीपाचा आवाज फाटला. "घंटी द्यायले? कोणाले?"

"तुमच्या भावाले."

अमर मधे पडला. "ताई, साडेसहा मिनिटांचं अंतर आहे. नियम आहे. दहा मिनिटं."

दीपानं सायकल जमिनीवर टाकली. मग तोंडाला आलं ते बोलली. वर्षभर पहाटे उठली, साधनाऐवजी वहिनी घेतली, सगळे हसले तरी घेतली, आणि वहिनीला घंटी सुचते. सोमवारी हेडमास्तर हजेरीचं बुक पुढे सरकवतील, तेव्हा वहिनी येणार आहे का सही करायला?

कौसल्या उभी राहून ऐकत राहिली. तिनं शेंगदाण्याच्या चिक्कीचे दोन तुकडे केले, मोठा दीपाच्या हातात दिला. दीपानं तो रागारागानं खाल्ला. दहा मिनिटं संपायला आली तशी कौसल्या म्हणाली, "बाई, बोलून झालं?"

"झालं."

"मंग ऐका. मी साडेआठची वेळ सहा वर्ष पाळली. एकची पाळतो. दूध नेतो तसं नेतो तुमाले. फक्त आता पुढे पुढे पळू नका. मांगं राहा माह्या."

दीपा मागे राहिली.

तिथून चढ सुरू होतो. सागाचं जंगल, लाल मुरूम, पावसाळ्यात पाण्यानं केलेल्या खोल चाकोऱ्या. दहा वाजले, अकरा वाजले. कौसल्याचा पाय एका लयीत फिरत होता. दुसऱ्या गियरच्या पलीकडे ती गेलीच नाही. पुढे पळून दमलेली माणसं एकेक करून सायकल हातात धरून चालताना भेटायला लागली. मघाची नागपूरची जोडी झाडाला टेकून बसली होती. कौसल्यानं त्यांना पाणी विचारलं. त्यांच्या बाटलीत थोडं ओतलं आणि ती पुढे गेली.

पावणेबाराला दीपाच्या पोटरीत गोळा आला. सकाळपासून तिनं पुढे पळून, थांबून, रागावून जे केलं होतं त्याची वसुली पायानं केली. ती खाली बसली, पोटरी दाबली, डोळे भरून आले. "तू जा वैनी," ती म्हणाली आणि मग तिला आठवलं की एकटीनं जाऊन काही उपयोग नाही. त्यामुळे जास्तच रडू आलं.

"बसा सायकलवर," कौसल्या म्हणाली.

"पाय चालत नाई."

"एकच मारा. दुसरा मी मारतो."

तिनं डावा हात दीपाच्या पाठीवर ठेवला, उजव्यानं आपलं हँडल धरलं. एका हातानं सायकल चालवणं तिला नवं नव्हतं. पावसात एका हातानं कॅनचं झाकण दाबून ती कितीतरी वेळा वणीला गेली होती. ढकलणं नियमात बसतं का, हे दीपानं विचारलं. जोडीतल्या जोडीत बसतं, हे तिलाच ठाऊक होतं, तिनंच उत्तर दिलं. दोन किलोमीटरचा तो चढ दोघींनी तसा काढला. वर पोचल्यावर कौसल्याचा खांदा बधिर झाला होता. तिनं तो दोनदा झटकला.

बारा वाजून वीस मिनिटं. खाली झरीकडचा उतार. दगडांचा, वळणांचा, मधे एक कोरडा ओढा. वर टोकाला पाच-सहा जोड्या थांबून खाली बघत होत्या. काही उतरून चालत होत्या. चालत गेलं तर चाळीस मिनिटं, आणि त्यापुढे सपाट आठ किलोमीटर.

"बाई, माह्या चाकामांगं चाक. मी दाबीन तिथंच दाबा. मी सोडीन तिथं सोडा."

"वैनी, हळू."

"हळूच जातो. दूध सांडलं नाई पाहिजे."

तिनं बूड मागं सारलं. मनात दोन कॅन लटकवले, काठोकाठ भरलेले. आणि सोडली. पाहणारे सांगतात की तिची सायकल उडाली नाही, पळाली नाही, नुसती वाहत गेली, पाणी दगडांमधून वाट काढतं तशी. मागे दीपा, दात आवळून, डोळे वहिनीच्या मागच्या चाकावर. ओढ्यात एकदा दीपाचं चाक घसरलं. कौसल्यानं मागे न पाहता सांगितलं, "पाय टेकू नका, जाऊ द्या," आणि सायकल गेली. वर थांबलेल्यांपैकी तीन जोड्या त्यांनी उतारावर मागे टाकल्या, त्यांत बायकांची एक.

सपाटीवर दीपाचा पाय सुटला होता. आता ती पुढे झाली आणि कौसल्या तिच्या मागं. डांबरी रस्ता, ऊन, झरीची पहिली घरं, शाळेचं मैदान, पताका. एक माणूस भोंग्यावर नंबर वाचत होता. त्यानं त्यांचा नंबर वाचला, मग घड्याळाकडे पाहून वेळ वाचली. बारा सत्तावन्न.

दीपा सायकलसकट कौसल्याच्या अंगावर पडली. दोघी गवतावर बसल्या. बायकांच्या पाच जोड्यांत त्या चौथ्या आल्या होत्या. कोणीतरी येऊन छातीवरच्या नंबरावर उद्याची खूण मारून गेलं, हिरवी, ठसठशीत. दीपानं त्या खुणेवर बोट फिरवलं, ओली आहे का पाहायला.

"सोमवार," ती म्हणाली.

"कोणाचा फोन हाये टावरवाला?" कौसल्या म्हणाली.

नंबर लागला तेव्हा वणीच्या केंद्रावर दुधाची मोजणी कधीच झाली होती.

"फाटलं तं नाई?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"नाई वो," धर्मपाल म्हणाला. "साडेदहाले पोचलो. उकळून पाह्यलं त्यायनं. एक थेंब फाटला नाई. केंद्रवाला म्हणे, आज बाई का आल्या नाई? मी म्हटलं, बाई झरीले गेली. म्हणे, काय कामाले? म्हटलं, शर्यत लावाले. तो खुर्चीवरून उठला, अन् मले चहा पाजला. सहा वर्षांत तुले पाजला का कधी?"

"नाई."

"मले पाजला." त्याच्या आवाजात फार मोठेपणा होता. मग तो म्हणाला, "कौसल्या, तू रोज त्या पोडाच्या चढावर चाळीस लिटर घेऊन चढतं?"

"मंग काय उडत जातो?"

"मी उतरलो तिथं," धर्मपाल म्हणाला. "दोनदा उतरलो. ढकलत नेली."

कौसल्यानं हेल्मेट काढलं, केस मागे सारले. तिला चढाचं कधी काही वाटलं नव्हतं. आज कोणीतरी तो चढ पाहिला होता, एवढंच. तिनं मान जरा वर केली. समोर पताका होत्या, पोरं होती, आणि झरीच्या शाळेतल्या दोन पोरी तिच्या गियरच्या सायकलकडे टक लावून पाहत होत्या.

"अन् घंटी?" तिनं विचारलं.

"येते आता मले. ऐक."

फोनमधून आवाज आला. एक लांब. दुसरी लांब. तिसरी आखूड.

कौसल्यानं कान लावून ऐकलं. "दुसरी जराशी कमी पडली," ती म्हणाली. "सकाळपावतर सराव करा. पाच वाजता सायकलवर पाहिजे."

"अन् तू?"

तिनं छातीवरची हिरवी खूण पाहिली. "मले सात वाजता इथं पाहिजे," ती म्हणाली.